गोदामातले पावणेदोन तास

उत्तरेश्वर एकच चाल दोनदा सारखी वाजवत नसे, आणि हे त्याने ठरवून केलेलं नव्हतं. पाटोद्याच्या आसपास लग्न असो, जत्रा असो की कुणाचा सत्कार, धर्मराजच्या टेम्पोतून त्याचे दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि पायाने दाबायची एक काळी पेटी मांडवात येई. नुकताच वाजवलेला तुकडा त्या पेटीत साठवून पुन्हा पुन्हा फिरवता येत असे. त्या फिरत्या तुकड्यावर उत्तरेश्वर दुसरा थर चढवी, मग तिसरा, आणि हे करताना त्याची नजर बोटांवर नसे, समोरच्या माणसांवर असे. कुणाचा पाय उचलायच्या बेतात आहे, कुणाला लाज वाटते आहे, कोण दमलं आहे हे त्याला चेहऱ्यांवरून कळे, आणि त्याप्रमाणे तो तुकडा ताणी, आखडी, कधी मध्येच सोडून देई. लोक म्हणत, त्याच्या पेटीत जीव आहे. तो नुसता हसे.

त्याचं लग्नही अशाच एका ताणलेल्या तुकड्यातून जमलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी एका वरातीत पुढे चाललेल्या करवलीच्या चपलेचा अंगठा तुटला. ती रस्त्यातच वाकून तो खोचत राहिली, आणि तेवढा वेळ उत्तरेश्वरने अख्खी वरात जागच्या जागी नाचवत ठेवली. ती उभी राहिली तेव्हाच पुढची चाल सुरू झाली. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, पण तिच्या आलं. सरस्वती पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे, "तुमी बोलता कमी, पर ऐकता लई."

पावसाने सलग तिसऱ्यांदा पाठ फिरवली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मात्र वाजवणंच कमी झालं. ऊसच नव्हता, म्हणून सहकारी कारखान्याचं धुराडं वर्षभर थंड होतं. नेहमी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी माणसं जाऊन लवकर परत आली होती आणि आता टँकरच्या रांगेत बसलेली दिसत. घरोघरची लग्नं एकतर लांबली होती, नाहीतर दूध संघाने लावलेल्या सामुदायिक सोहळ्यात उरकली जात होती. असाच एक सोहळा पाटोद्यात झाला. एक्कावन्न जोडपी रांगेने मांडवात शिरत होती, डोक्यावरचे पत्रे तापून वाजत होते, आणि जनरेटरचा दाब अचानक उतरला. उत्तरेश्वरच्या दोन्ही कीबोर्डांचे दिवे विझले. ते पुन्हा लागून त्यांच्यात आवाज यायला मिनिटभर लागतं. ते मिनिटभर एक्कावन्न जोडपी कसलाही आवाज नसलेल्या मांडवातून पाय घासत चालत राहिली. संघाचे अध्यक्ष अर्जुनराव पुढच्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं.

धर्मराज आणि उत्तरेश्वर शाळेपासूनचे सोबती. टेम्पो, स्पीकर, जनरेटर धर्मराजचे आणि हात उत्तरेश्वरचे, असं त्यांचं चालत आलं होतं. त्या दिवशी सामान भरताना धर्मराज म्हणाला, "आवाज गेला तवा तुझं तोंड बघितलं म्या. परत न्हाई बघायचं मला. सगळं एकदा वाजवून रेकॉर्ड करून ठिवू. पेनड्राईव्ह लावायचा, झालं."

"मग मी काय करू?"

"हात चालव. लोकांला तू दिसला पायजेस."

"अन् समोरचा माणूस मधीच थांबला तर?"

"थांबू दे की बे. गाणं कावून थांबंल?"

उत्तरेश्वर तारा गुंडाळू लागला. दोन दिवसांनी भर दुपारी सोसायटीचं खताचं गोदाम त्यांना मिळालं. पेरणीच नव्हती तर खत कोण उचलणार, म्हणून सोसायटीने ते मागवलंच नव्हतं आणि गोदाम रिकामंच होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून धर्मराजने शटर खाली ओढलं, लॅपटॉप सुरू करून दिला आणि स्वतः बाहेर सावलीला जाऊन बसला. आत युरियाचा उग्र वास कोंडला होता. उत्तरेश्वरने वाजवायला सुरुवात केली आणि पहिल्याच चालीत तो अडखळला, कारण नजर टेकवायला समोर काही नव्हतं. मग त्याने शटरशेजारच्या भिंतीवरच्या ओलीच्या जुन्या डागाकडे पाहून वाजवलं. पहिली चाल संपल्यावर त्याने डाव्या हाताने सदऱ्याची कॉलर मागे सारली. दुसरी झाल्यावर शेजारची बाटली उचलून तो दोन घोट पाणी प्यायला. अर्ध्यावर कुठेतरी उजवीकडच्या तुळईवरून एक पारवा फडफडला आणि त्याने दचकून तिकडे पाहिलं, पण बोटं थांबली नाहीत. एक तास बेचाळीस मिनिटांनी शेवटचा सूर सोडून त्याने सवयीने मान वर केली आणि चेहरे शोधले. समोर शटर होतं.

बाहेर आला तेव्हा इतक्या उन्हातही त्याचे तळवे गार पडले होते. धर्मराजने ऐकून पाहिलं आणि म्हणाला, "एक बी चूक न्हाई."

पहिल्यांदा ते वापरलं चकलांब्याच्या एका लग्नात. कीबोर्ड मांडले होते, पण त्यांच्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. उत्तरेश्वर मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवत उभा राहिला. लाज वाटत होती, पण ओळखणारं कुणी नव्हतं, आणि अर्ध्या तासात त्याला ती लाजही थोडी सैल झाल्यासारखी वाटली. मग बायकांनी नवरदेवाच्या आत्याला, केसरबाईंना, खुर्चीवरून ओढलं. त्यांचे गुडघे गेलेले होते. "आगं न्हाई गं, सोडा," म्हणत म्हणत त्या उठायला लागल्या, पदर कमरेला खोचायला लागल्या, आणि उत्तरेश्वरला जुन्या सवयीने वाटलं, आता हा तुकडा दोनदा जास्त फिरायला हवा. पण गोदामात तो फिरलेला नव्हता. त्याची बोटं पुढच्या चालीवर सरकली.

स्पीकरमधून मात्र तोच तुकडा पुन्हा आला, आणि त्यानंतर आणखी एकदा. केसरबाईंनी पदर खोचला, दोन गिरक्या घेतल्या, तोंडावर हात ठेवून हसल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्या बसल्या तेव्हाच पुढची चाल सुरू झाली.

जेवणाच्या पंगतीत उत्तरेश्वरने धर्मराजला गाठलं. "मधी तू काई दाबलंस का?"

"म्या? म्या तर हितं जेवायलोय. तूच ताणलंस की. लई भारी झालं."

"माझे कीबोर्ड बंद होते, धर्मा."

"हां, ते बी खरंच की," असं म्हणून धर्मराज भाताकडे वळला. "मग गोदामातच ताणलं आसशील. तुला ध्यान ऱ्हायलं नसंल."

दुसऱ्या दिवशी धर्मराजच्या दुकानात बसून उत्तरेश्वरने ते सगळं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. एक तास बेचाळीस मिनिटं. केसरबाई उठल्या त्या जागी तुकडा एकदाच वाजत होता आणि चाल सरळ पुढे जात होती.

पुढचा कार्यक्रम चारा छावणीवर होता. संघाने चालवलेल्या त्या छावणीत तीनशे जनावरं बांधलेली होती आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत अर्जुनरावांचं भाषण व्हायचं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. उत्तरेश्वर ढोलकीच्या जोरदार ठेक्यावर हात चालवत होता, आणि स्पीकरमधला ठेका अचानक विरला. राहिला फक्त एकच खालचा सूर, लांबवलेला. असं गोदामात वाजलेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लोक मान वर करून पाहू लागले तेवढ्यात पलीकडच्या दावणीतला एक बैल दावं तोडून उधळला, बायका किंचाळल्या, खुर्च्या कोलमडल्या. तो सूर तसाच चालू होता. बैल मांडवाच्या तोंडाशी आला, थांबला, त्याने कान हलवले, आणि त्याचा मालक हळूहळू जाऊन त्याला धरेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग ठेका पुन्हा भरत आला.

अर्जुनराव स्वतः उठून उत्तरेश्वरकडे आले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पयल्यापेक्षा हात लई सुटलाय तुझा. जनावर बी ऐकायलंय."

उत्तरेश्वरने मान हलवली. दावं तुटायच्या आधी ठेका विरला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर बोलावणी वाढली. लोक म्हणत, उत्तरेश्वर आता पूर्वीसारखा राहिला नाही, आता तो नुसतं मन ओळखतो. प्रत्येक मांडवात स्पीकर माणसांशी बोलत राहिला आणि प्रत्येक मांडवात उत्तरेश्वरची बोटं मुक्या पट्ट्यांवर गोदामातली तीच वाट चालत राहिली. स्पीकरच्या मागे मागे जायचा प्रयत्न त्याने करून पाहिला, पण ते कुठे वळेल याचा त्याला अंदाज येत नसे. गोदामात चालवले होते तसेच हात चालवणं सोपं होतं. त्यात विचार करावा लागत नव्हता.

घरातली गोष्ट त्याच्या आधी सरस्वतीच्या लक्षात आली. मग एका दुपारी ज्वारी निवडता निवडता तिने सूप बाजूला ठेवलं.

"एक इचारू? काल तुमी घरी आलात तवा काय म्हनलात?"

"पानी आलतं का, म्हनलो."

"अन् मी काय सांगितलं?"

त्याने आठवून पाहिलं. आठवलं नाही.

"परवा काय सांगितलं?"

तो सुपातली ज्वारी चाळवू लागला.

"इस दिस झालं," सरस्वती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमी चपला काढता, डाव्या हातानं कॉलर मागं सारता, पानी आलतं का म्हनता, अन् मग बरं म्हनता. आलं म्हनलं तरी बरं, न्हाई म्हनलं तरी बरं. पयल्यांदा मला वाटलं, दमून येतेत. मग मी मुद्दाम येगळं येगळं सांगाया लागले. सोमवारी म्हनलं, पाय घसरून आडात पडले, मेले मी. तुमी बरं म्हनलात अन् हात धुवाया गेलात."

उत्तरेश्वर हसायला गेला, पण ती हसत नव्हती.

"मी रडले न्हाई. मागं वळून बघता का, ते बघत हुते."

त्या संध्याकाळी तो घराच्या अलीकडे, बोअरच्या कोरड्या पाइपाशी थांबला आणि त्याने मनाशी एक साधं वाक्य ठरवलं. घरात शिरल्यावर, 'आज काय केलंस दिवसभर?' असं विचारायचं. ते त्याने तीनदा पुटपुटून पाहिलं. मग आत गेला. चपला काढल्या. हात कॉलरकडे जाताना त्याला दिसला आणि तो थांबवता आला नाही. "पानी आलतं का?" हा त्याचाच आवाज होता. समोर सरस्वती उभी होती. ती त्याच्या डोळ्यांत पाहत, एकेक शब्द सुटा करून काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलत होते, आणि तो कान लावणार एवढ्यात त्याच्या तोंडून "बरं" निघून गेलं. हात धुताना त्याने मागे वळायची खूप धडपड केली. मान वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो धर्मराजकडे गेला. तलावातला गाळ काढून झाला होता आणि रविवारी गावाने, सोसायटीने मिळून तिथे छोटा समारंभ ठेवला होता. उत्तरेश्वर म्हणाला, "ऐतवारी मी सोता वाजवनार. पेनड्राईव्ह माज्याकडं दे."

"आरं पन सगळं नीट चाललंय की."

"दे म्हनतोय ना."

धर्मराजने पेनड्राईव्ह काढून दिला. लॅपटॉपमध्ये होतं तेही उत्तरेश्वरने त्याच्यासमोरच पुसायला लावलं. "डोक्यात ऊन गेलंय तुझ्या," धर्मराज म्हणाला, पण त्याने पुसलं.

रविवारी सकाळी तलावाच्या भेगाळलेल्या पोटात मांडव घातला होता. सरस्वतीही आली होती आणि बायकांमध्ये पुढेच बसली होती. उत्तरेश्वरने तारा जोडल्या, दोन्ही कीबोर्डांचे दिवे लागले, काळी पेटी पायाशी आली. पेनड्राईव्ह त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. पहिला सूर स्पीकरमधून बाहेर पडला तेव्हा त्याच्या अंगावर शहारा आला, कारण तो त्याच्या बोटाखालून निघाला होता. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. लोकांनी माना डोलावल्या. मग गाळ काढणाऱ्यांतला एक म्हातारा, सटवा, काठी टेकत उठला आणि जागच्या जागी झुलू लागला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं निखळ सुख होतं की उत्तरेश्वरने पेटीकडे पाय नेला, हा तुकडा त्याच्यासाठी फिरवायचा म्हणून.

पाय पेटीपर्यंत गेला नाही. बोटं पुढच्या चालीवर सरकली आणि सटवा अर्धवट उचललेला पाय खाली ठेवून गोंधळून उभा राहिला.

चाल संपली. उत्तरेश्वरचा डावा हात उठला आणि त्याने कॉलर मागे सारली. त्याने दात आवळले. दुसरी चाल संपली तेव्हा उजवा हात शेजारी गेला, तिथे नसलेली बाटली त्याने उचलली, तोंडाशी तिरपी धरली, दोन घोट घेतले आणि खाली ठेवली. पुढे बसलेल्या काही जणांना ती गंमत वाटली आणि ते हसले. नंतर ते हसायचे थांबले. उत्तरेश्वर वाजवत होता, एकही चूक होत नव्हती, आणि त्याचे डोळे समोरच्या सगळ्या माणसांच्या पलीकडे, भिंतीवरचा डाग असावा तशा एका जागेवर खिळलेले होते. चेहऱ्यांकडे पाहायचं आहे हे त्याला कळत होतं. घशातून आवाज काढायचा त्याने प्रयत्न केला. मग एकाएकी त्याची मान उजवीकडे वर झाली, दचकून, आणि मांडवातल्या सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिकडे नुसतं आभाळ होतं.

लोक उठू लागले. अर्जुनरावांनी धर्मराजला खूण केली. धर्मराज मंचावर चढला, उत्तरेश्वरच्या कानाशी आला. "काय करायलास बे? माणसं घाबरायलीत." हात थांबले नाहीत. धर्मराजने त्याच्या खिशातून पेनड्राईव्ह काढला, कीबोर्डांच्या तारा उपसल्या आणि तो मिक्सरला लावला.

क्षणभर शांतता झाली. मग एक अगदी हलका तुकडा आला, कुणाची तरी चौकशी करावी तसा, आणि थांबला. सटवाने मान वर केली. तुकडा पुन्हा आला. सटवाने पाय उचलला आणि त्या पायाबरोबर सगळी चाल उघडली, रुंद होत गेली, उठलेली माणसं उभ्याउभ्या हसू लागली आणि एकेक करून पुन्हा बसली. मंचावर उत्तरेश्वरची बोटं मुक्या पट्ट्यांवर चालत होती. एक तास बेचाळीस मिनिटं होईपर्यंत ती थांबणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. डोळ्यांच्या कडेला त्याला सरस्वती दिसत होती. ती पुढे झुकून, हनुवटी हातावर टेकून ऐकत होती. तिचं तोंड त्याच्याकडे नव्हतं. ती स्पीकरकडे पाहत होती.

शेवटचा सूर झाल्यावर त्याची मान वर आली आणि अंग त्याचं त्याला परत मिळालं. तो खाली उतरला, मिक्सरमधून पेनड्राईव्ह उपसला आणि सरळ सरस्वतीपाशी जाऊन तिच्या तळहातावर ठेवला.

"ह्ये मोडून टाक," तो म्हणाला. पुष्कळ दिवसांत तिच्याशी त्याने ठरवून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. "दगडानं ठेचून टाक, सरस्वती. माज्या हातानं हुनार न्हाई."

तिने मूठ मिटली. "बघते मी," ती म्हणाली.

त्यानंतर तो वाजवायला गेला नाही. धर्मराज दोनदा येऊन गेला आणि मग यायचा थांबला. घरात तो मुद्दाम कमी बोले, म्हणजे ठरलेलं काही तोंडातून निघणार नाही. सरस्वती आता त्याला काही विचारत नसे, आणि उलट तपासूनही पाहत नसे. ती बरी दिसत होती. डोईवर हंडा घेऊन टँकरकडे जाताना ती गुणगुणते हे त्याला एकदा जाणवलं आणि ते पाहून त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. वाटलं, हळूहळू सगळं जागेवर येईल.

आठवड्याने तो रेशनसाठी बाजारात गेला. रांग मोडून दुकान अर्ध्यातच बंद झालं, म्हणून तो दुपारीच परतला. पडवीशी आला तर आतून कीबोर्डचा आवाज येत होता. कीबोर्ड तर कापडात गुंडाळून धर्मराजकडे पडले होते. तो चपला न काढताच दारात गेला.

सरस्वती जमिनीवर बसली होती. समोर शेजारच्या तुळजाबाईंकडून मागून आणलेला लहानसा स्पीकरचा डबा होता आणि त्याच्या कुशीत पेनड्राईव्हचा निळा दिवा लुकलुकत होता. ती हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती, टँकरवर कोण भांडलं, कुणाची शेळी व्याली, माहेरी भावाचं कसं चाललंय. मध्येच ती थांबे. तेवढ्यात डब्यातून दोनचार सूर येत, कधी लगबगीचे, कधी विचारात पडल्यासारखे, आणि ती मान हलवून पुढे बोलू लागे. एकदा ती पदर तोंडाला लावून हसली. तिला असं हसताना त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

त्याची सावली आत पडली. सरस्वतीने वर पाहिलं. घाबरली नाही, उठलीही नाही. दारात कुणी परका माणूस चुकीच्या वेळी आल्यावर करावी तशी तिने हाताने खूण केली.

"थांबा जरा," ती हळूच म्हणाली, "त्येंचं बोलनं चाललंय."